गाव जोडलं, वाडी राहिली

आमच्या वाडीत इंटरनेटसाठी फायबरची तार यायला अडीच वर्षं लागली. तार ओढायचं प्रत्यक्ष काम तीन दिवसांत झालं. उरलेला सगळा काळ नेमका कशात गेला, हे लिहून ठेवायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, कारण आसपासच्या कितीतरी वाड्या आजही त्याच पायऱ्यांवर अडकून आहेत.

मी लांजा तालुक्यातल्या एका गावात राहते. गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या लाइनमनने शेवटी हे काम केलं तो अजून त्याच कंपनीच्या कंत्राटावर पोट भरतो, आणि त्याला माझ्यामुळे त्रास झालेला मला चालणार नाही.

सासऱ्यांच्या आजारपणामुळे २०२१ साली आम्ही डोंबिवलीहून गावी आलो आणि इथलेच झालो. माझं काम पुस्तकांच्या मांडणीचं. प्रकाशक मजकूर पाठवतात, मी पानं लावते, चित्रं बसवते आणि छपाईसाठी तयार फाइल परत पाठवते. चित्रांचं पुस्तक असेल तर एकेक फाइल सहाशे-सातशे एमबीची होते. घरात मोबाइलला एक काडी. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेलं की तीन. म्हणून पहिलं वर्षभर मी लॅपटॉप पिशवीत घालून सड्यावरच्या आमच्या काजूच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, जाऊन बसायची. पावसाळ्यात तेही बंद. मग सकाळी सव्वासातची एसटी धरायची, सतरा किलोमीटरवर लांज्याला नणंदेकडे जायचं, फाइल चढवायची आणि दीडच्या गाडीने परत. टॉवर आमच्यापासून तीन किलोमीटरवर आहे, पण वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या चार तासही धरत नाहीत, आणि जून-जुलैत आमची वीज चार-चार तास येतच नाही.

९ नोव्हेंबर २०२२ ला मी तालुक्याच्या कार्यालयात पहिला अर्ज दिला. आधारची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, पाचशे रुपये आगाऊ. तिथल्या मुलीने संगणकावर गावाचं नाव टाकलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "हे बघा मॅडम, तुमचं गाव हिरवं आहे. आठ दिवसांत माणूस येईल." मला इतका आनंद झाला की येताना मी घरी पेढे घेऊन आले.

बाविसाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला. मागणी रद्द, कारण 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही'. मी परत गेले, परत अर्ज केला. परत हिरवं गाव, परत तोच संदेश. तिसऱ्यांदाही तेच. दोन पाचशे परत आले, तिसरे आजवर आलेले नाहीत.

कारण कळलं ते कार्यालयात नाही, ग्रामपंचायतीसमोरच्या टपरीवर. लाइनमन तिथे चहा प्यायला थांबला होता. मी विचारलं, "दादा, गाव हिरवं आहे तर माझ्या घराला शक्य का नाही?" तो मला हाताला धरल्यासारखा खांबाशी घेऊन गेला. वर एक काळी पेटी होती. "वयनी, गावाची फायबर इथे संपते. ह्या पेटीत आठ जोडण्यांची सोय. पंचायत, शाळा, सोसायटी आणि दवाखाना, चार वापरात. तुमची वाडी इथनं किती?" मी म्हटलं, साडेतीन किलोमीटर असेल. तो म्हणाला, "मग कंपनीच्या लेखी तुमचं गाव जोडलेलं आहे. तुमची वाडी तिच्या यादीतच नाय."

हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. कोकणाबाहेरच्या वाचकाला यातली गोम लगेच लक्षात येणार नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. घाटावर गाव म्हणजे बहुतेक एका जागी वसलेली वस्ती. पंचायतीपर्यंत तार आली की ती गावात आली. आमच्याकडे गाव म्हणजे अकरा वाड्या, आणि दोन वाड्यांच्या मध्ये सडा, पऱ्या म्हणजे ओढा, कलमांच्या बागा, कधी अख्खा डोंगर. महसुली नोंदीत हे सगळं मिळून एकच गाव. सरकारची मूळ योजनासुद्धा पंचायतीपर्यंतच विचार करून आखली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना, जिला पुढे भारतनेट म्हणू लागले, तिचं लक्ष्य होतं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला जवळजवळ १ लाख ३९ हजार कोटींची नवी मंजुरी मिळाली, आणि त्यात पंचायतीच्या पुढच्या गावांचाही विचार झाला. पण वाडी त्यातही वेगळी मोजली जात नाही. म्हणजे नकाशावर हिरवा ठिपका पडतो तो खरा असतो, आणि त्याच ठिपक्यातल्या दहा वाड्यांत काहीच नसतं, हेही खरं असतं.

लाइनमनने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. रस्त्याच्या कडेने आलेल्या त्या केबलमध्ये चोवीस तंतू आहेत. वापरात आहेत सहा. उरलेले अठरा अंधारात पडून आहेत. तालुक्यापासून आमच्या पंचायतीपर्यंतचं खोदकाम, जांभा फोडणं, नळी टाकणं हा सगळा मोठा खर्च आधीच झालेला. राहिलं होतं ते शेवटचं साडेतीन किलोमीटर. एका तंतूवरचा प्रकाश स्प्लिटर लावून बत्तीस घरांत वाटता येतो, आणि ह्या तंत्राला वीस किलोमीटरपर्यंतचं अंतर झेपतं. 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे शब्दच चुकीचे होते. शक्य होतं, कोणी करायचं एवढंच ठरलेलं नव्हतं.

मग मी तक्रारीच्या मागे लागले. टोल फ्री क्रमांकावर पहिला प्रश्न, "ग्राहक क्रमांक सांगा." मी अजून ग्राहकच नव्हते, जोडणी मिळावी म्हणूनच तर फोन केला होता. "मग तक्रार नोंदवता येणार नाही मॅडम, नवीन जोडणीसाठी १ दाबा." १ दाबला की विक्रीचा विभाग, तो पुन्हा अर्ज घ्यायला तयार. असं माझं पाच वेळा झालं. शेवटी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं मोबाइल सिम त्याच कंपनीचं असल्याचं आठवलं. त्या क्रमांकावरून तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मिळाला. चौथ्या दिवशी संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' आमच्या घरी कोणी आलं नव्हतं, फोनही आला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. नकार मी पचवला असता, पण न झालेलं काम झालं म्हणून कागदावर लिहिलं जातं, आणि तेच पुढे वरच्या आकड्यांत जातं, हे मला सहन होत नव्हतं.

इथे एक माहिती देते, ती मला फार उशिरा मिळाली. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, एकट्या-दुकट्याच्या तक्रारीत थेट लक्ष घालत नाही. पण २०१२ च्या त्यांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारीची दोन पातळ्यांची व्यवस्था ठेवावी लागते. पहिली तक्रार केंद्राची, दुसरी अपिलाची. अपिलाला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. डॉकेट क्रमांक मात्र हवा, त्याशिवाय काही चालत नाही. कंपनीच्या माणसांपैकी एकानेही मला अपिलाचं नाव सांगितलं नव्हतं.

मी अपील केलं. छत्तिसाव्या दिवशी उत्तर आलं, आणि ह्या वेळी पहिल्यांदाच नवं कारण होतं. 'रस्ता खोदण्याची परवानगी संबंधित विभागाकडे प्रलंबित आहे.' ते वाचून मला थोडं हलकं वाटलं. निदान कोणीतरी परवानगी मागितली आहे म्हणायची. मी तो कागद सरपंच वहिनींना दाखवला. त्या म्हणाल्या, "रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाच विचारूया ना. दहा रुपयांचा तिकीट लावायचा."

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि एकच प्रश्न. अमुक ते अमुक रस्त्याच्या कडेने केबल टाकण्यासाठी गेल्या तीन वर्षांत कोणत्या दूरसंचार कंपनीचा अर्ज आला, त्याची तारीख आणि सद्यस्थिती. कायद्याने तीस दिवस. चोविसाव्या दिवशी उत्तर हातात होतं. 'सदर लांबीसाठी कोणत्याही कंपनीचा अर्ज या कार्यालयास प्राप्त झालेला नाही.'

तो एका ओळीचा कागद मी आजही फायलीत सगळ्यात वर ठेवते. मार्गाधिकाराचे, म्हणजे तार न्यायला रस्ता-जमीन वापरू देण्याचे, २०१६ चे नियम असे होते की अर्ज आल्यावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. म्हणजे अर्ज केला असता तर परवानगी अडकून पडण्याचं कारणच उरलं नसतं. अर्जच केलेला नव्हता. ज्या खात्याचा काही संबंध नव्हता त्याच्या माथी दोष मारून आमचं वर्ष घालवलं होतं.

ह्या काळात वाडीतली माणसं मला भेटली की विचारायची, "काय गो, आली का तुझी तार?" 'तुझी' म्हणायची, कारण तोवर ती माझी एकटीची लढाई होती. ते बदललं २०२४ च्या शिमग्यात. पालखी वाडीत होती, मुंबईची मंडळी आली होती, आणि देवळासमोरच्या बैठकीत मी तो माहिती अधिकाराचा कागद वाचून दाखवला. मग एकेक जण बोलायला लागला. ई-पीक पाहणी शेतात भरली तरी वर जात नाही. रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा उमटायला म्हाताऱ्या माणसांना दोन-दोन फेऱ्या. मुंबईचा एक मुलगा म्हणाला की घरून काम करायची सोय असती तर तो आंब्याच्या हंगामात दोन महिने इथेच राहिला असता. शेजारच्या काकी म्हणाल्या, "माझो नातू व्हिडिओवर दिसता तो निम्मो दिसता, मग चाक फिरत ऱ्हवता."

बैठकीत ठरलं ते असं. वाडीत एक्केचाळीस घरं, त्यातली पंधरा एरवी बंद. उघड्या सव्वीस घरांपैकी तेवीस जणांनी मागणी अर्जावर सह्या केल्या. मुंबईत राहणाऱ्या आमच्या वाडीकरांच्या मंडळाने सांगितलं की सड्यावरून जवळची वाट काढली तर लागतील तेवढे लोखंडी खांब मंडळ देईल. दुसऱ्या दिवशी चार मुलगे मोजपट्टी घेऊन निघाले. रस्त्याने अंतर ३.४ किलोमीटर, सड्यावरून २.१. विजेचे खांब किती, नवे किती लागतील, कुणाच्या कलमांच्या फांद्या आड येतात, सगळं एका मोठ्या कागदावर काढलं. नवे खांब लागणार होते एकोणीस. १ मेच्या ग्रामसभेत सरपंच वहिनींनी ठराव मांडला, तो एकमताने झाला.

एवढं हातात घेऊन गेल्यावर काम होईल असं आम्हाला वाटलं. उत्तर मिळालं, लोकसभेची आचारसंहिता आहे, नंतर या. नंतर गेलो तर साहेबांची बदली. नवे साहेब आले तर पावसाळा. पावसाळा सरला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेचा आणि एका खासगी वाडीच्या तारेचा काय संबंध, हे मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत कळलं की आमची फाइल तालुक्याहून जिल्ह्याला गेली होती आणि तिथून 'अंतर मोजून अहवाल द्या' असा शेरा होऊन परत आली होती. अंतर मोजलेला कागद त्याच फायलीत होता.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. कंपनीला आमच्यासारख्या वाडीत पैसा सुटत नाही, हे मला कळतं. तेवीस घरांच्या महिन्याच्या बिलातून दोन किलोमीटर केबलचा आणि तिच्या देखभालीचा खर्च भरून यायला वर्षं जातात. पण नेमक्या याच कारणासाठी देशात एक निधी आहे. २००२ पासून प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या समायोजित महसुलातला पाच टक्के भाग त्यात जातो, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी आहे. तो महसूल येतो आमच्या रिचार्जमधून. सासूबाई गेली कित्येक वर्षं एका काडीच्या सिमवर रिचार्ज मारत आल्या आहेत, त्यात त्यांचाही वाटा आहे. आम्ही फुकट काही मागत नव्हतो. खांब देत होतो, वाट देत होतो, बिल देणार होतो. जिथे दुसरी कुठलीच कंपनी यायला तयार नाही तिथे जी एकटी आहे, तिने निदान खरं तरी बोलावं. 'पुढची दोन वर्षं जमणार नाही' असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी माझ्या कामाची दुसरी सोय पाहिली असती. ह्या अडीच वर्षांत दोन प्रकाशकांचं काम माझ्या हातून गेलं, ते उशिरामुळेच.

मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात लाइनमनचा फोन आला. "वयनी, दुसऱ्या कामातली केबल शिल्लक राहिली आहे, अडीच किलोमीटरची. साहेब हो म्हणालेत. खांब तयार आहेत ना?" खांब एप्रिलपासून देवळाच्या पडवीत होते. १७ तारखेला सकाळी काम सुरू झालं. वाडीतले चौदा-पंधरा जण खड्डे मारायला, जांभ्यात पहारीने दीड-दीड फूट. बायकांनी दोन्ही वेळचं जेवण सड्यावर पोचवलं. १९ तारखेला दुपारी तो जोड मारायला बसला. मी शेजारी बसून सगळं पाहिलं. केसाएवढ्या काचेच्या दोन तारांची टोकं यंत्रात समोरासमोर ठेवतात, छोट्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात, एक ठिणगी पडते आणि दोनाची एक होते. संध्याकाळी साडेपाचला त्याने माझ्या घरात नेटची पेटी बसवली आणि तारेतून किती प्रकाश पोचतो ते पाहायला मीटर लावला. उणे २२.६. म्हणाला, "उणे २७ च्या खाली गेलं की पेटीला दिसत नाय. तुमचं झकास आहे." हिरवा दिवा स्थिर झाला. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि त्याला नारळ दिला. मला रडू आलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

दोनच दिवसांनी, २१ मेला, अकरावीची ऑनलाइन प्रवेश नोंदणी सुरू व्हायची होती. त्या वर्षी पहिल्यांदाच ती अख्ख्या राज्याला लागू झाली. वाडीतल्या पाच मुली आमच्या ओटीवर सकाळपासून बसल्या होत्या. त्या दिवशी ते संकेतस्थळच कोसळलं आणि तारीख पुढे गेली. मुली घाबरल्या, त्यांना वाटलं आपलंच नेट गेलं. मी त्यांना दुसरी पानं उघडून दाखवली, धडाधड उघडत होती. आयुष्यात पहिल्यांदा अडचण आमच्या बाजूची नव्हती. पुढच्या आठवड्यात पाचही जणींचे अर्ज ह्याच ओटीवरून भरले गेले.

पाऊस त्या वर्षी मेच्या शेवटालाच आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सड्यावर आइनाची फांदी तारेवर पडली आणि तेवीस घरांत लाल दिवा लागला. आता आमच्याकडे ग्राहक क्रमांक होता. तक्रार नोंदली, तिसऱ्या दिवशी 'निराकरण झाले' असा संदेश आला, दिवा लालच. पण ह्या वेळी आम्हाला वाट माहीत होती. तेवीस घरांनी एकाच दिवशी वेगवेगळ्या तक्रारी केल्या आणि तेवीस डॉकेट क्रमांक एका कागदावर लिहून अपील केलं. नवव्या दिवशी लाइनमन जोड मारून गेला. माझ्या घरातला आकडा आता उणे २४.१ आहे. जोड वाढला की थोडा प्रकाश सांडतो. असे आणखी किती जोड ह्या तारेला झेपतील ते मी त्याला विचारून ठेवलं आहे. चांगले बसले तर बरेच, पावसात घाईने मारलेले असतील तर दोन.

पऱ्यापलीकडच्या बौद्धवाडीत चौदा घरं आहेत. आमच्या शेवटच्या पेटीपासून तिथलं पहिलं घर ६४० मीटर. त्यांच्यातल्या नऊ जणांनी दिवाळीनंतर अर्ज केले आणि नऊही जणांना संदेश आला आहे, 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही'. त्यातल्या दोघी आणि मी ह्या सोमवारी सव्वासातच्या एसटीने लांज्याला चाललो आहोत. अंतर मोजून झालं आहे, पऱ्यावर दोन खांब कुठे उभे राहतील ते कागदावर काढलं आहे, आणि माहिती अधिकाराचा अर्ज काल रात्री त्यांच्याकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घेतला. तिकीट तेवढं तिथे पोचल्यावर लावायचं आहे.